ऑफिसने घेतलेलं 'पॉश' ट्रेनिंग पॅकेज, वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, नाव कोणाचंच देणार नाहीये, ना आमच्या कंपनीचं ना पॅकेज विकणाऱ्यांचं. मी अजून तिथेच नोकरी करते हे एक, आणि दुसरं म्हणजे दोन मैत्रिणींनी त्यांच्या ऑफिसातल्या ट्रेनिंगचे स्क्रीनशॉट पाठवले तेव्हा लोगो आणि रंग सोडला तर आमच्यात आणि त्यांच्यात काडीचा फरक नव्हता, तीच ती कार्टूनमधली नेहा, तोच तो राहुल, आणि राहुलच्या हातात तोच तो कॉफीचा मग. त्यामुळे तुमच्याकडे कोणाचंही असो, हा रिव्ह्यू बराचसा लागू पडेल असं धरून चाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॉश म्हणजे इथे भारीतलं काहीतरी असं नाही, कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून जो २०१३ चा कायदा आहे त्याचं हे इंग्रजी शॉर्ट नाव. ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती नेमावीच लागते, नाही नेमली तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि परत तेच केलं तर दुप्पट, लायसन्सवर पण गदा येऊ शकते. आता समिती नेमा, तिच्यात बाहेरचा एक मेंबर आणा, सगळ्यांना ट्रेनिंग द्या, दिसेल अशा जागी पोस्टर लावा, वर्षाचा रिपोर्ट पाठवा, हे सगळं स्वतः बसून करायला एचआरला वेळ कुठे असतो, मग रेडिमेड पॅकेज घेतात. आमच्या पॅकेजमधे काय होतं तर एक ऑनलाइन मॉड्यूल, शेवटी क्विझ आणि सर्टिफिकेट, वर्षातून एक लाइव्ह सेशन, बाहेरची मेंबर, पोस्टर, समितीसाठी कागदपत्रांचे टेम्प्लेट आणि एक हेल्पडेस्क.

मी दोन्ही बाजूंनी वापरलंय, एम्प्लॉयी म्हणून मॉड्यूल केलं आणि समितीची मेंबर म्हणून बाकीचं. समितीत मी कशी आले ते पण सांगते. एचआर मॅडम डेस्कपाशी येऊन म्हणाल्या, "अगं, तू बोलतेस बऱ्यापैकी, तुझं नाव टाकलंय समितीत, चालेल ना?" टाकलंय म्हटल्यावर चालेल ना ला काय अर्थ उरतो. कायद्यात लिहिलंय की मेंबर शक्यतो बायकांच्या प्रश्नांशी बांधिलकी असलेले किंवा सामाजिक कामाचा अनुभव किंवा कायद्याचं ज्ञान असलेले हवेत. मी अकाउंट्सला, माझं कायद्याचं ज्ञान जीएसटी आणि टीडीएसपुरतं. म्हणजे खरं तर या पॅकेजची सगळ्यात जास्त गरज मलाच होती, म्हणून मी ते बाकीच्यांसारखं म्यूट करून बाजूच्या टॅबमधे न ठेवता नीट बघितलं. त्याचाच पश्चात्ताप.

सुरुवात लॉगिनपासून. नावाआधी टायटल निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुरुषांसाठी एकच पर्याय, मिस्टर. बायकांना मिसेस आणि मिस. बास. बायकांना समान वागणूक कशी द्यायची हे शिकवणाऱ्या कोर्सच्या पहिल्याच स्क्रीनवर मला आधी सांगावं लागलं की माझं लग्न झालंय का नाही. मी हेल्पडेस्कला मेल टाकला की ताई तिसरा पर्याय द्या किंवा हे कंपल्सरी तरी करू नका, तर उत्तर आलं की तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे. वर्ष झालं, तिसरा पर्याय अजून आला नाही.

मग भाषा. इंग्रजी, हिंदी आणि मराठी असे तीन पर्याय आहेत, हे बघून बरं वाटलं होतं, पाच मिनिटं. मराठी कोणीतरी मशीनमधून काढून तशीच चिकटवलीय. जिच्यावर अन्याय झालाय तिच्यासाठी शब्द काय तर 'दुःखी महिला'. म्हणजे वाक्य असं येतं की दुःखी महिलेने आपले दुःख तीन महिन्यांच्या आत सादर करावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो 'उत्तरदाता', जसं काही सर्व्हे चाललाय. आणि ज्याला कामाच्या जागी नकोसं वातावरण म्हणता येईल ते आमच्याकडे 'शत्रुत्वपूर्ण पर्यावरण' आहे, आमच्या डिस्पॅचमधल्या एकाने सिरिअसली विचारलं की हे प्रदूषणाचं पण याच्यातच घेतलंय का. हसून हसून पुरेवाट, पण नंतर डोक्यात आलं की मराठी पर्याय कोण घेणार, तर ज्यांना इंग्रजी जड जातं त्याच ना. पॅकिंगमधल्या मुली, रिसेप्शनवरची. ज्यांना हे समजायला हवंय त्यांच्याच वाट्याला हे आलं.

आता कंटेंट. पहिल्या भागात इतिहास एका स्लाइडमधे उरकलाय, सुप्रीम कोर्टाच्या घुमटाचा फोटो आणि खाली '१९९७ साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली'. आली. पावसासारखी. कोणामुळे आली, कशापायी आली काही नाही. मी घरी जाऊन वाचलं. भंवरी देवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करायच्या, भटेरी गावात. बालविवाह थांबवणं हा त्यांच्या कामाचाच भाग. जेमतेम वर्षाचीही नसलेल्या एका मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला त्याचा राग म्हणून १९९२ मधे त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने १९९५ मधे आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. तिकडे कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, त्यातल्या एका संस्थेचं नाव विशाखा, म्हणून केसला ते नाव. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला आणि कोर्टाने सांगितलं की कायदा होईपर्यंत ही तत्त्वं पाळा. कायदा व्हायला पुढे १६ वर्षं गेली.

हे मॉड्यूलमधे असायला काय हरकत होती? दोन मिनिटांचं काम होतं. कारण हे कळलं ना की पुढचं सगळं आपोआप कळतं, की कामाची जागा म्हणजे एसी, क्यूबिकल आणि पँट्री एवढंच नाही. ज्या बाईमुळे हे सगळं सुरू झालं तिचं ऑफिस म्हणजे एक अख्खं गाव होतं. कायद्यात पण व्याख्या तशीच मोठी आहे, कामानिमित्त जिथे जाल ती जागा, कंपनीने दिलेली गाडी, दुसऱ्याच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईसाठी ते घर. आमच्या मॉड्यूलमधला राहुल मात्र नेहाला फक्त पँट्रीत आणि लिफ्टमधेच त्रास देतो. मंथ एंडला आम्हाला रात्री साडेदहा अकराला कंपनीची कॅब मिळते, शेवटचा ड्रॉप कोणाचा यावरून आम्ही बायका आपापसात कशी अदलाबदल करतो ते आम्हालाच माहीत, कोणी कोणाला कारण विचारत नाही. कॅबचा एक सीन नाही अख्ख्या कोर्समधे.

क्विझबद्दल काय बोलू. प्रश्न असा की राहुलने नेहाला म्हटलं तुझा ड्रेस छान आहे, हा छळ आहे का, पर्याय हो, नाही, परिस्थितीवर अवलंबून. असे दहा प्रश्न, त्यातले सहा कपड्यांवर आणि कौतुकावर. चुकलं तर परत करा, कितीही वेळा, शंभर टक्के मिळेपर्यंत, सगळ्यांना शंभर टक्के मिळतात, आमचा एक कलीग सगळीकडे तिसराच पर्याय टिक करून पास झाला. ट्रेनिंगनंतर आठवडाभर ऑफिसात विनोद काय, "गुड मॉर्निंग म्हणू का समितीला विचारून म्हणू?" सगळे हसले, मी पण हसले, सवयीने. अहो पण खऱ्या आयुष्यात ड्रेसचं कौतुक केलं म्हणून कोण येतंय तक्रार घेऊन. तक्रारी असतात त्या अप्रेझल अडकवून ठेवणाऱ्यांबद्दल, रात्री अकराला मेसेज करणाऱ्यांबद्दल, आणि नाही म्हटलं की प्रोजेक्टमधून हळूच नाव गाळणाऱ्यांबद्दल. कायद्यात हे स्पष्ट आहे, फायद्याचं आमिष, नुकसानीची धमकी, कामात अडथळा येईल असं वातावरण, अपमानास्पद वागणूक. सगळं लिहिलेलं आहे. क्विझमधे मात्र ड्रेस.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, तो म्हणजे खोट्या तक्रारींचा भाग. चार स्लाइड. लाल रंग, सायरनचं चित्र, मागे टेन्शनवालं म्युझिक, खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल, नोकरी जाऊ शकते, वगैरे. कायद्यात तसं कलम आहे, कलम १४, मी नाही म्हणत नाही. पण त्याच कलमात पुढे हे पण लिहिलंय की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, आधी दुष्ट हेतू चौकशीतून सिद्ध व्हायला हवा. हे वाक्य मॉड्यूलमधे नाहीच. मी दोनदा रिवाइंड करून बघितलं. म्हणजे जी मुलगी आधीच घाबरलेली आहे, जिच्याकडे साक्षीदार नाही कारण अशा गोष्टी कोणी साक्षीदार बोलावून करत नाही, तिला चार स्लाइडमधून काय कळलं तर गप्प बस. आणि हे ट्रेनिंग तिच्यासाठी म्हणे.

त्याउलट तीन महिन्यांची मुदत, जी एकमेव गोष्ट प्रत्येक बाईला पाठ असायला हवी, ती विसाव्या स्लाइडवर पाचव्या बुलेटमधे, व्हॉइसओव्हर पण नाही. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते, एकापेक्षा जास्त घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तीन महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण कसे जातात ते बघा, पहिला महिना आपलाच काही गैरसमज झाला का हे ठरवण्यात, दुसरा एका मैत्रिणीला सांगण्यात आणि तिने 'सोड ना, कशाला डोक्याला ताप' म्हणण्यात, तिसऱ्यात अप्रेझल असतं. गेले.

आणि हे फक्त साध्या नोकरदार बायकांचं नाही. रूपन देओल बजाज आयएएस अधिकारी होत्या. १९८८ मधे एका पार्टीत पंजाबचे तेव्हाचे पोलीस प्रमुख के. पी. एस. गिल यांनी केलेल्या गैरवर्तनाची त्यांनी तक्रार केली, शिक्षा १९९६ मधे झाली आणि सुप्रीम कोर्टात ती कायम झाली २००५ मधे. १७ वर्षं, आणि बाई आयएएस. बरं उशिरा बोललं तर लोक म्हणतात इतके दिवस काय केलं. पत्रकार प्रिया रमाणी जुन्या छळाबद्दल उघडपणे बोलल्या म्हणून त्यांच्यावर माजी संपादक आणि मंत्री राहिलेले एम. जे. अकबर यांनी टाकलेल्या बदनामीच्या केसमधे दिल्लीच्या कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मधे त्यांना निर्दोष सोडलं, तेव्हा कोर्टाने हेच म्हटलं की बाई तिच्या पसंतीच्या कोणत्याही व्यासपीठावर, काही दशकांनंतरसुद्धा, तक्रार मांडू शकते. पण ते बोलण्यापुरतं, समितीसमोर यायचं तर तीन महिने, फार तर सहा. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून एक स्लाइड केली असती ना, तर मी सगळं मशीनचं मराठी माफ केलं असतं.

चांगलं पण सांगते, नाहीतर म्हणाल नुसती रडगाणी. लाइव्ह सेशन खरंच छान झालं. पॅकेजमधून आलेल्या बाहेरच्या मेंबर, वयाने साठीच्या आसपास, वकिली केलेल्या, त्यांनी प्रोजेक्टर लावलाच नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "एक कागद घ्या आणि तुमच्या समितीतल्या लोकांची नावं लिहा." पूर्ण हॉल शांत. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तू आहेस ना गं त्यात?" आहे रे बाबा. पाचही नावं कोणालाच आली नाहीत, आमच्या डायरेक्टर सरांना पण नाही, आणि मॅडमनी त्यांचा कागद हातात घेऊन बघितला तेव्हा सरांचं तोंड बघण्यासारखं होतं. मग म्हणाल्या की जिचं नाव माहीत नाही तिच्याकडे कोण जाणार. त्या एका प्रश्नाने जेवढं काम झालं तेवढं दीड तासाच्या मॉड्यूलने नाही झालं. पुढे त्यांनी तक्रार आल्यापासून काय काय होतं ते नुसतं बोलून सांगितलं, की समितीला साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, दोन्ही बाजूंना वकील लावता येत नाही, चौकशी ९० दिवसांत संपवायची, संपल्यावर १० दिवसांत रिपोर्ट, आणि मालकाने ६० दिवसांत त्यावर कारवाई करायची.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला माहीतच नव्हती, की चौकशी चालू असताना बाईने मागितलं तर तिची किंवा त्याची बदली करता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देता येते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचं अप्रेझल लिहिण्यापासून थांबवता येतं. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी, जी आत्तापर्यंत मोबाइलमधे होती, तिने मोबाइल उलटा ठेवला. मी एवढंच बघितलं, बाकी काही विचारलं नाही.

फक्त प्रॉब्लेम असा की या मॅडम आम्हाला वर्षातून एकदाच. तेवढंच पॅकेजमधे आहे. एरवी मीटिंगला व्हिडिओवर येतात आणि त्यांच्या कॅलेंडरमधे आमच्यासारख्या इतक्या कंपन्या आहेत की तारीख मिळता मिळत नाही, एकदा त्या आम्हाला दुसऱ्याच कंपनीच्या नावाने बोलावत होत्या. त्यांची चूक नाही. बाहेरचा मेंबर कायद्यात का आणला, तर ऑफिसच्या आतल्या प्रेशरला कोणीतरी न दबणारं हवं म्हणून. पण मेंबर ज्या पॅकेजमधून येतो त्या पॅकेजचं बिल आमचीच कंपनी भरते, आणि रिन्यूअल पण तीच ठरवते. या मॅडम कणखर आहेत म्हणून निभावतंय.

टेम्प्लेट मात्र ए-वन. माझ्यासारख्या आकडेमोडवालीला ते फार आवडलं, एक एक्सेल शीट आहे, तक्रारीची तारीख टाकली की सगळ्या मुदती आपोआप निघतात, नोटीस कधी, समोरच्याचं उत्तर कधी, ९० दिवस कधी संपतात, सगळं. समितीची मीटिंग भरायला अध्यक्ष धरून किमान तीन जण लागतात ते पण त्यात लिहिलंय. यासाठी खरंच पैकीच्या पैकी. केस काय होती, होती का नव्हती, ते विचारू नका, तक्रारीतलं काहीही बाहेर सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी मी सांगितलं नसतं. एवढंच सांगते की समितीच्या मीटिंगचे मिनिट्स मी सगळे लोक गेल्यावर संध्याकाळी टाइप करायचे, कारण दिवसा माझं अकाउंट्सचं काम कोण करणार, आणि माझ्या अप्रेझलच्या फॉर्ममधे समितीच्या कामाला रकाना नाही. मी शोधला. 'इतर उपक्रम' मधे टाका म्हणाले, तिथे आधीच ऑफिसच्या स्पोर्ट्स डेचं नाव होतं.

अध्यक्षांचं पण सांगायला हवं. कायद्याने अध्यक्ष सिनिअर लेव्हलची बाईच हवी आणि निम्म्या तरी मेंबर बायका हव्यात. आमच्याकडे सिनिअर लेव्हलची बाई शोधायला निघाले तेव्हा कळलं की आहेच एक, एचआर मॅडम. बाकी मॅनेजर पदापर्यंत बायका दिसतात, त्याच्या वर गेलं की गायब, कोणी बाळंतपणानंतर परतलीच नाही, कोणाला बाहेरगावच्या साइटवर टाकत नाहीत आणि मग साइटचा अनुभव नाही म्हणून प्रमोशन नाही. त्यामुळे जी बाई पगार कापते, वॉर्निंग लेटर देते तीच समितीची अध्यक्ष. पॅकेजवाल्यांनी फॉर्ममधे फक्त टिक केलं, सिनिअर महिला, येस. ऑफिसात सिनिअर बाई नसेल तर कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसमधून घेता येते असं कायद्यात आहे, हे त्यांनी सुचवायला हवं होतं, मी म्हटल्यावर म्हणाले हो तसं करता येतं.

आता मावशींचं. आमच्याकडे साफसफाईला मावशी आहेत, कंत्राटदारामार्फत. त्यांना मॉड्यूल नाही कारण कंपनीचा ईमेल आयडी नाही, ईमेल नाही तर लॉगिन नाही. कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी, अगदी बिनपगारी काम करणारी पण धरलीय, पण पॅकेजचे पैसे डोक्यामागे लॉगिनवर, मग मावशींचं डोकं कोण मोजणार. पोस्टर पँट्रीत वॉटर प्युरिफायरच्या मागे लावलं होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात, अर्धं नळीने झाकलेलं. एक दिवस मावशी ते ओल्या फडक्याने पुसत होत्या, मी पाणी भरायला गेले तर म्हणाल्या, "ताई, हा कागद कशाचा हो, रोज पुसते मी."

मी वाचून दाखवलं. मराठीत, माझ्या भाषेत. त्या फडकं पिळत ऐकत होत्या. मग विचारलं, "आणि ज्या बाईला लिहिता येत नाही तिनं काय करायचं?" मी म्हटलं समितीतल्या बाईने लिहून द्यायचं, तसा नियमच आहे. "म्हणजे तुम्ही?" म्हटलं हो, मी. "आणि तो आमच्या कंत्राटदाराचा माणूस असला तर? तो तर तुमच्या कंपनीचा नाही." मी म्हटलं जागा आमची आहे ना, मग जबाबदारी पण आहे, पोलिसात जायचं असेल तर त्याला पण कंपनीने मदत करायची असते. मावशी म्हणाल्या बरं, आणि बादली उचलून गेल्या. दीड तासाच्या कोर्समधे असा एक प्रश्न नाही. क्विझमधे घ्यायला हवेत हे दोन.

एक छोटं बाजूला जाऊन. माझी एक मैत्रीण एका राजकीय पक्षाचं काम करते, पूर्ण वेळ, सभा, बूथ, रात्रीचे दौरे. तिने विचारलं तुझ्या त्या टेम्प्लेटमधून आमच्यासाठी समिती करून दे ना. मी शोधलं तर केरळ हायकोर्टाचा २०२२ चा निकाल सापडला, सिनेमाच्या शूटिंगच्या युनिटला अशी समिती लागते पण राजकीय पक्षांना बंधनकारक नाही, कारण पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक नोकर असं नातंच नाही. तिला तसं सांगितलं तर ती हसून म्हणाली, "नातं नाही म्हणे, मग रात्री बारा वाजता उद्या सकाळी सहाला ये असं कुठल्या नात्याने सांगतात?" पॅकेजवाल्यांच्या वेबसाइटवर मात्र 'प्रत्येक महिलेसाठी' असं मोठ्या अक्षरात आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाबद्दल असेल, तर जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते, तिथे जायचं. शिवाय ऑनलाइन तक्रारीसाठी केंद्र सरकारचं शी-बॉक्स पोर्टल आहे, २०१७ पासून. आणि भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाबद्दलचं कलम ७५ आहे, म्हणजे पोलिसांत पण जाता येतं, समितीत गेलं म्हणून तो रस्ता बंद होत नाही. हे तिन्ही मॉड्यूलमधे एका ओळीत, आणि शी-बॉक्सची लिंक उघडतच नव्हती.

स्टार विचाराल तर मॉड्यूलला १, तो पण राहुलचा आवाज देणाऱ्याने मेहनत घेतलीय म्हणून. लाइव्ह सेशनला ५, माझ्या हातात असतं तर ६. टेम्प्लेटला ५. हेल्पडेस्कला २, उत्तर येतं वेळेत पण तेच तेच. पोस्टरला शून्य. सगळं मिळून सरासरी ३ च्या वर जात नाही. कोणाच्या कंपनीत घेणार असाल तर मॉड्यूल सोडा, मॅडमसारखं कोणी माणूस वर्षातून तीन चार वेळा बोलवा आणि टेम्प्लेट तेवढं मागून घ्या, एवढंच सांगेन. आणि त्या मुदतींची एक्सेल कोणालाही हवी असेल तर तशी आपली आपण पण बनवता येते, चार कॉलम आहेत.

पोस्टरचं मात्र मी माझ्यापुरतं केलं. एका ए-फोर कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं, त्रास झाला तर तीन महिन्यांच्या आत सांगा, लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ, सिद्ध करता आलं नाही तरी तुम्हाला खोटं म्हणता येत नाही, खाली समितीतल्या पाचही जणांची नावं आणि माझा एक्स्टेन्शन नंबर पेनने. लेडीज वॉशरूमच्या दारावर आतल्या बाजूने लावला, जिथे एकटीने वाचता येतं. पॅकेजवाल्यांची ऑडिटला आलेली मुलगी म्हणाली मॅम हे आमच्या फॉर्मॅटमधे नाहीये, काढावं लागेल, रिपोर्टमधे पॉइंट येईल. मी म्हटलं येऊ दे.

मागच्या आठवड्यात बघितलं तर एक कोपरा सुटलेला होता, मावशींनी सेलोटेप लावलीय, तिरकी, माझ्या एक्स्टेन्शनच्या शेवटच्या आकड्यावरून गेलेली, पण नंबर वाचता येतो.